आई-बाबा, सईला पाठवतेय

निपाणी,
१२ मे

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही तिघंही इंडोनेशियाहून सुखरूप घरी पोचलो. परवा फोन लावला तेव्हा आई रेंज येते त्या फणसाखाली येऊन बोलत होती आणि वळिवाच्या वाऱ्यात निम्मं बोलणं उडून जात होतं. बाबांना तर फोनवर ऐकूच येत नाही. ‘बरी आहेस ना, बरी आहेस ना’ एवढंच दोनदा विचारून त्यांनी फोन परत आईकडे दिला. म्हणून आज सुट्टी धरून सगळं लिहायला बसलेय. पत्र कसं, चष्मा लावून सावकाश दोनदा वाचता येतं. आणि मलाही ज्या गोष्टी समोर बसून बोलायला जमत नाहीत, त्या कागदावर जमतात.

निपाणीहून रात्रीच्या बसनं बेंगळुरू, तिथून थेट विमानानं बाली. सहा-सात तास झाले की माणूस विषुववृत्त ओलांडून पलीकडे उतरतो. इंडोनेशिया म्हणजे एक जमीन नाहीच. सतरा हजारांहून जास्त बेटं, पंचवीस कोटींच्या वर माणसं आणि सातशेच्या वर भाषा. आम्ही दोनच बेटं पाहिली, बाली आणि जावा, तीही कडेकडेनं. आपल्याकडं अंगाची लाही होत होती तेव्हा तिकडचा पाऊस नुकताच सरून कोरडे दिवस लागले होते. हवा मात्र आपल्या जांबोटीच्या रानासारखीच, ओलसर आणि हिरवी. उतरल्या उतरल्या नारळ, केळी, फणस, भाताची खाचरं बघून सई म्हणाली, ‘आई, हे तर आज्जीचं गाव आहे.’

आई, तुझ्यासाठी आधी भाताचं सांगते, कारण तू पहिलं तेच विचारणार. बालीत जातिलुविह म्हणून गाव आहे, बातुकारू नावाच्या डोंगराच्या उतारावर. तिथं खाचरं पायऱ्यांसारखी वरपासून खालपर्यंत उतरत गेली आहेत, नजर पोचेल तिथवर. बांध इतके सफाईनं लिंपलेले की तुझ्या हातचे वाटावेत. तिथलं जुनं भात तांबडं आणि उंच, छातीपर्यंत येणारं. मी एक लोंबी हातात घेऊन दाताखाली दाणा फोडून पाहिला, तू पाहतेस तसा. चीक अजून पुरता घट्ट झाला नव्हता.

पण मला तिथं खरं पाहावंसं वाटलं ते पाणी. डोंगरातून येणारा एक पाट. त्याच्या वाटेत आडवा एक ओंडका टाकलेला आणि त्याला खाचा पाडलेल्या. एक रुंद, एक अरुंद. ज्याची जमीन जास्त त्याची खाच रुंद, ज्याची कमी त्याची अरुंद. पाणी आपोआप वाटलं जातं, रात्री कुदळ घेऊन कुणी बांध फोडायला जायचं कारण नाही. एका पाटावरच्या सगळ्या शेतकऱ्यांची मिळून एक मंडळी असते, तिला ‘सुबक’ म्हणतात. आपल्याकडं सुबक म्हणजे नेटकं. हा शब्द आणि तो शब्द एक आहेत की नाहीत कोण जाणे, पण काम मात्र नेटकंच आहे. नवव्या शतकापासून हे चालत आलंय. प्रत्येक पाटाचं देऊळ असतं आणि पेरा कधी करायचा, रान कधी पडीक ठेवायचं हे सगळे तिथं मिळून ठरवतात. २०१२ साली युनेस्कोनं याला जागतिक वारसा म्हणून मान दिला.

तिथल्या एका शेतकऱ्यानं आम्हाला सांगितलं ते बाबांनी नीट वाचावं. सत्तरच्या दशकात सरकारनं नवं बियाणं, नवी खतं आणली आणि सांगितलं, देवळाचं वेळापत्रक सोडा, जमेल तेवढी पिकं घ्या. मग कुणाचं भात कधी, कुणाचं कधी. रान कधी मोकळंच राहीना, त्यामुळं कीड एका खाचरातून दुसऱ्या खाचरात जात राहिली, पाण्यावरून ओढाताण झाली. शेवटी पुन्हा सगळ्यांनी एकदम पेरायचं आणि एकदम रान मोकळं ठेवायचं, हेच बरं ठरलं. मला आपला ओढ्याकडचा तुकडा आठवला. पाण्यावरून काकांशी तुमचं तीन वर्षं बोलणं बंद होतं ते आठवलं. असा एक ओंडका आपल्या पाटावर असता तर!

तिथं रोज सकाळी बाया नारळाच्या कोवळ्या पात्याची हातभर नाही, वीतभर नाही, तळहाताएवढी चौकोनी परडी विणतात, त्यात रंगीत फुलं, चिमूटभर भात, उदबत्ती ठेवून उंबऱ्यावर, वाटेवर, दुकानाच्या पायरीवर मांडतात. आमच्या घरमालकिणीनं सईला शेजारी बसवून शिकवलं. बांबूची काडी नखानं सोलून त्याची टाचणी करायची आणि पात्याच्या घडीत खुपसायची. सईची पहिली परडी उकलली, दुसरीही उकलली, तिसरी टिकली. ती परडी तिनं माझ्या पुस्तकात दाबून तुझ्यासाठी आणली आहे. सुकून तपकिरी झाली आहे, पण काडी अजून जागेवर आहे.

समुद्रकिनाऱ्याचं फार लिहीत नाही. गर्दी होती, एका गल्लीतल्या पैसे बदलून देणाऱ्यानं नोटा मोजताना हातचलाखी केली. मी दहा वर्षं कॅश काउंटरला बसलेली बाई, त्याच्यासमोरच परत मोजल्या आणि माझे पैसे घेऊन बाहेर पडले. ह्यांना मात्र दिवसभर त्याचा राग होता.

मग जावा. योग्यकर्ता नावाचं शहर आहे, तिथं सहा दिवस राहिलो. प्रंबानन पाहिलं. नवव्या शतकातलं शंकराचं देऊळ, ४७ मीटर उंच, काळ्या दगडाचं, आणि बाजूला ब्रह्मा आणि विष्णूची. कठड्याच्या आतल्या बाजूनं सबंध रामायण कोरलंय. आई, तू प्रदक्षिणा घालता घालता ते वाचत जाशील असं. रात्री त्याच देवळाच्या उजेडात उघड्यावर रामायणाचा नाच होतो, १९६१ पासून. नाचणारी मुलंमुली बहुतेक मुसलमान. आमच्या पुढच्या ओळीत एक आजीबाई डोक्यावर रुमाल बांधून बसल्या होत्या, सीतेला रावण नेतो तेव्हा त्यांनी तोंडाला पदर लावावा तसा रुमालाचा कोपरा लावला. त्यांना ती गोष्ट परकी नाहीच.

आणि तिथलं जेवण म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी! गुदेग म्हणतात. नारळाचं दूध आणि ताडगूळ घालून तासन् तास मंद आचेवर शिजवतात, सागाची पानं घालतात म्हणून रंग तांबूस येतो. गोड असते. मला तुझी फोडणीची, तिखट घातलेली बरी वाटते, पण तुझ्यासारखीच चूल सारवून पहाटे लावलेली होती, वास तोच.

आता बाबा, तुमच्याशी बोलायचंय.

पहिल्याच दिवशी मला तिथल्या पाट्या वाचता यायला लागल्या. लिपी रोमन, पण शब्द आपले. भाषा म्हणजे ‘बहासा’. नाव म्हणजे ‘नामा’. खेडं म्हणजे ‘देसा’. कारण म्हणजे ‘कारेना’. नवरा ‘सुआमी’ आणि बायको ‘इस्त्री’. पोर्तुगीजांनी गोव्यात आणि तिथं सारखेच शब्द टाकून ठेवलेत, त्यामुळं अननस तिथं ‘नानास’. आणि शिक्षकाला साधा रोजच्या बोलण्यातला शब्द ‘गुरु’. मुख्याध्यापकाला काय म्हणतात माहीत आहे? ‘केपाला सेकोलाह’. केपाला म्हणजे आपलं कपाल, डोकं. शाळेचं डोकं. रात्री अंथरुणावर पडल्यावर मी ह्यांना म्हटलं, माझे बाबा अकरा वर्षं केपाला सेकोलाह होते. आणि मग मला झोप येईना.

आम्ही तिथं होतो तेव्हा २ मे आला. त्या दिवशी त्यांचा राष्ट्रीय शिक्षण दिन असतो. कि हजार देवांतारा नावाच्या माणसाचा तो जन्मदिवस. हा माणूस राजघराण्यातला. डच सरकारविरुद्ध लिहिलं म्हणून १९१३ साली त्याला देशाबाहेर घालवलं. परत आल्यावर १९२२ साली त्यानं योग्यकर्तातच आपल्या लोकांच्या मुलांसाठी शाळा काढली, ‘तामान सिस्वा’, म्हणजे शिष्यांची बाग. पुढं स्वतःची सरदारकीची पदवीच नावातून काढून टाकली, लोकांत मिसळता यावं म्हणून. देश स्वतंत्र झाल्यावर तोच पहिला शिक्षणमंत्री. त्याचं राहतं घर आता संग्रहालय आहे आणि त्याचं नाव ‘देवांतारा कीर्ती ग्रिया’, म्हणजे कीर्तीगृह. मी त्या फाटकाशी बराच वेळ उभी राहिले.

त्यानं शिक्षकासाठी तीन ओळी सांगून ठेवल्या आहेत. पुढं असशील तर उदाहरण हो. मध्ये असशील तर उमेद जागव. मागं असशील तर बळ दे. यातला मध्यासाठीचा शब्द ‘माद्या’च आहे. शेवटची ओळ, ‘तुत वुरी हांदायानी’, त्यांच्या शिक्षण खात्याच्या बोधचिन्हावर आहे. बाबा, ती ओळ देशाच्या भाषेत नाही, जावीत आहे. एका प्रांताच्या भाषेतली ओळ सबंध देशाच्या शाळांवर आहे आणि त्यावरून कुणी भांडत नाही.

यामागं एक गोष्ट आहे आणि ती मला तुम्हाला सांगायचीच होती. २८ ऑक्टोबर १९२८ ला सगळ्या बेटांवरची तरुण मंडळी जमली, त्या वेळच्या बटाव्हियात म्हणजे आत्ताच्या जकार्तात. तिथं त्यांनी शपथ घेतली. जावी बोलणारे सगळ्यात जास्त होते, त्यांना म्हणता आलं असतं की आमचीच भाषा घ्या. पण त्यांनी मलय घेतली. ती फार थोड्यांची घरची भाषा, पण बंदरांत, बाजारात सगळ्यांना येणारी. तिलाच इंडोनेशियन नाव दिलं. आणि शपथेचे शब्द पाहा. पहिल्या ओळीत एक मातृभूमी, दुसरीत एक राष्ट्र, पण तिसरीत ‘एक भाषा’ असं म्हटलंच नाही. म्हटलं, आम्ही ‘एकीच्या भाषेचा’ मान राखतो. घरची भाषा सोडा असं कुठंच नाही. पुढं राज्यघटनेतही लिहिलं की प्रांतांच्या भाषा हा देशाचा ठेवा आहे, राज्यानं तो मानानं जपावा. योग्यकर्तात रस्त्यांच्या पाट्यांवर रोमनबरोबर जावी लिपीही असते. ती ब्राह्मीपासूनच निघालेली, म्हणजे आपल्या आणि कन्नड लिपीची लांबची बहीण. मी त्या पाट्यांखाली उभी राहून फोटो काढले. पाटीवरून आपल्याकडं काय काय होतं ते बेळगावात वाढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. आजोबा १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांसाठी उपास करायचे, १९५६ ची गोष्ट सांगताना त्यांचा आवाज बदलायचा, ते सगळं तिथं आठवत राहिलं.

आणि तुम्ही आठवलात. तुम्ही आम्हाला मराठी शाळेत घातलं आणि त्याच वर्षी खानापूरच्या बाजारातून कन्नड अंकलिपीही आणलीत. संध्याकाळी कंदिलाखाली एका बाजूला मराठी बाराखडी, दुसऱ्या बाजूला कन्नड. लोक तुम्हाला बोलले. मास्तर, कन्नड कशाला शिकवताय पोरांना? तुम्ही म्हणायचात, शेजाऱ्याची भाषा आली तर भांडण कमी होतं, आणि आपली आली तर आपण कोण ते कळतं.

मी तेव्हा हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दहावीनंतर पीयूसीला बेळगावात आले आणि इंग्रजीत फिजिक्स समजेना, तेव्हा मी तुम्हाला काय लिहिलं होतं ते मला पाठ आहे. ‘तुमच्या हट्टापायी माझं वर्ष जाणार आहे.’ एवढी एकच ओळ. तुम्ही उत्तरात पन्नास रुपयांची मनिऑर्डर पाठवलीत, डिक्शनरी घ्यायला, आणि कुपनावर फक्त ‘आशीर्वाद’. त्या ओळीबद्दल मी आजवर कधी बोलले नाही. बाबा, मला माफ करा. आज काउंटरला विड्या वळणाऱ्या म्हाताऱ्या बाया येतात. फॉर्म कन्नड-इंग्रजीत असतो. माझ्यासमोर त्या मराठीत मन मोकळं करतात आणि मी त्यांचा फॉर्म कन्नडमध्ये भरून देते. तासाभरात मॅनेजरशी इंग्रजीत बोलते. हे तिन्ही मला तुम्ही दिलंत, तिसरं त्या पन्नास रुपयांतून.

तिकडंही सगळं गोड नाही, हेही सांगितलं पाहिजे. आम्ही उतरलो होतो त्या घरात एक पणजी वाटावी इतक्या वयाची आजी होती, तिला सगळे ‘म्बाह’ म्हणत. जावीत बोलण्याच्या पायऱ्या असतात. आपल्याकडं ‘जेव’ आणि ‘जेवा’ एवढाच फरक, तिथं शब्दच बदलतो. बरोबरीच्याला ‘मांगान’, आणि वडीलधाऱ्यांच्या जेवण्याला ‘दाहार’. एका संध्याकाळी आजीनं नातीला विचारलं, ‘विस मांगान?’ जेवलीस का? नात सईएवढीच, अकरा-बारा वर्षांची, मोबाईलमधून मान वर न करता म्हणाली, ‘सुदाह माकान.’ जेवले. पण ते जावी नव्हतं, इंडोनेशियन होतं. आजी गप्प झाली. वाटीतला फणस चमच्यानं इकडचा तिकडे करत राहिली. मुलीच्या आईनं आम्हाला हळूच सांगितलं, शाळेत जावीचा आठवड्याला एखादा तास असतो, पण पोरांना त्या पायऱ्या अवघड वाटतात. चुकीचा शब्द जाईल म्हणून ती बोलतच नाहीत.

मी सईकडं पाहिलं. ती माझ्याकडंच बघत होती. खोलीत आल्यावर म्हणाली, ‘आई, मी पण आज्जीला असंच उत्तर देते ना? ती मराठीत विचारते आणि मी इंग्लिशमध्ये सांगते.’

मी काय बोलणार? तिला इंग्रजी माध्यमात आम्हीच घातलं. माझे पीयूसीचे हाल तिच्या वाट्याला नकोत एवढंच डोक्यात होतं. बाबा, तुम्ही दर दिवाळीला तिला पोस्टकार्ड लिहिता, ते मी वाचून दाखवते आणि तिच्या नावानं उत्तर मीच लिहिते. अक्षर तिचं नसतं, हे तुम्ही पहिल्याच वर्षी ओळखलं असणार. चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेला माणूस.

परवा घरी आल्यावर तिनं आपणहून ती सगळी कार्डं काढली. हिंदीमुळं देवनागरी तिला लावता येते. बोट ठेवून एकेक अक्षर वाचत होती. जोडाक्षरं अडत होती. तुमची मोडीच्या वळणाची ‘र’ तिला कळेना. मग एका कार्डावर ‘मळणी’ शब्द आला. मला वाटलं इथं थांबणार, हिंदीत ‘ळ’ शिकवत नाहीत. पण ती सरळ वाचून गेली. मी विचारलं, हे अक्षर तुला कुठनं आलं? म्हणाली, ‘कन्नडमध्ये आहे की. ते बघून ओळखलं नाही, पण म-णी च्या मध्ये दुसरं काय येणार? आज्जी मळणीच म्हणते.’ बाबा, मी तशीच उठून आत गेले. तुम्ही कंदिलाखाली दोन अंकलिप्या शेजारी शेजारी का ठेवायचात, ते मला या वयात माझ्या पोरीच्या तोंडून कळलं.

तर आता मुद्द्याचं. शाळा उघडायला अजून पंधरा दिवस आहेत. येत्या शनिवारी सकाळच्या गाडीनं हे सईला घेऊन निघतील, बेळगावात गाडी बदलून दुपारच्या जेवणापर्यंत पोचतील. हे रविवारी परत येतील, ती दहा दिवस राहील. बाबा, गावातल्या शाळेचा पट किती उरला हे तुम्ही मागं सांगितलं होतंत आणि त्यावर मला काही बोलता आलं नव्हतं. ही एक विद्यार्थिनी घ्या. जोडाक्षरांपासून सुरुवात करा, आणि ‘र’ची सगळी रूपं. लाड करू नका, शुद्धलेखन रोज पाच ओळी. चुकली तर हसू नका एवढंच, त्या मुलीसारखी गप्प बसेल. तुम्ही हसणार नाही, मला माहीत आहे.

आई, तिला माजघरात तुझ्याजवळच झोपव. काही मागितलं तर मराठीत मागेपर्यंत थांब, पण भूक लागली असेल तर थांबू नको. धूळवाफ पेरणीला रान तयार करत असाल तर तिलाही शेतावर ने, बालीच्या भाताचं तिला पुष्कळ सांगायचंय. बरका नको, कापा फणस ठेव, तिला तोच आवडतो. गुडघ्याचं तेल ह्यांच्याकडं पाठवतेय, रात्री कोमट करून लाव. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या दोन महिन्यांच्या आहेत, पाकिटावर सकाळ-संध्याकाळ लिहिलंय.

खालच्या दोन ओळी सईनं स्वतः लिहिल्या आहेत. मी दुरुस्त केलेल्या नाहीत.

तुमची,
वैशाली

आजोबा, मि शनिवारी येते. पोस्टकार्ड सगळि घेऊन येते, मला वाचुन दाखवायचि आहेत.
आज्जी, तु विचारलं की मी मराठीत सांगनार.